शीटची बेरीज एक रुपयानं चुकते तेव्हा: राउंडिंगच्या नेहमीच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय

हळदीची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद, तयार असते. चार लॉटच्या रकमा ओळीनं छापलेल्या, खाली बेरीज. शेतकरी मोबाइलवर ते चार आकडे मिळवून बघतो आणि म्हणतो, "दिवाणजी, एक रुपया कमी लागलाय." शीट उघडली तर सूत्र बरोबर, बेरजेचा पट्टा बरोबर, एकही ओळ सुटलेली नाही. तरीही शेतकऱ्याचं म्हणणं खरं असतं. सांगलीच्या मार्केट यार्डात, तासगावच्या बेदाण्याच्या पेढ्यांवर, गावोगावच्या दूध संकलन केंद्रांत ही तक्रार दर हंगामात पुन्हा येते. एक रुपया रक्कम म्हणून फार नाही, पण वर्षभराच्या कष्टाचा भाव ज्या कागदावर वाचायचा, त्या कागदाची बेरीज हातानं केली तरी जुळलीच पाहिजे.

खालचे उपाय एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क या तिन्हींत चालतात. जिथं फरक आहे तिथं तसं सांगितलंय. सूत्रं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये टाइप करताना फंक्शनचं नाव, खान्याचं अक्षर आणि अंक इंग्रजीतच टाकायचे.

आधी फरक किती आहे ते बघा

राउंडिंगला दोष देण्याआधी हा एक हिशोब करा. प्रत्येक ओळ जवळच्या रुपयाला राउंड होत असेल, तर एका ओळीत जास्तीत जास्त ५० पैशांचा फरक पडू शकतो. म्हणजे १० ओळींच्या पट्टीत फार तर ५ रुपये आणि बेरजेच्या स्वतःच्या राउंडिंगचे वर ५० पैसे. १० ओळींत ४० रुपयांचा फरक दिसत असेल तर तो राउंडिंगचा नाही, ते शोधण्यात वेळ घालवू नका. अशा वेळी बहुधा एखादा आकडा मजकूर म्हणून बसलेला असतो. व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून उचललेल्या आकड्याच्या मागेपुढे मोकळी जागा चिकटून येते, तो आकडा खान्यात डावीकडे सरकलेला दिसतो, आणि सम फंक्शन त्याला गुपचूप वगळतं. नाहीतर एखादी लपवलेली ओळ बेरजेत धरली गेलेली असते. ते आधी दुरुस्त करा.

फरक मर्यादेत असेल तर पुढं चला. हे उदाहरणापुरते चार लॉट घ्या:

३.४७ क्विंटल × १३,६५० = ४७,३६५.५०
२.८३ क्विंटल × १३,८५० = ३९,१९५.५०
४.१६ क्विंटल × १२,९५० = ५३,८७२.००
१.९१ क्विंटल × १३,४५० = २५,६८९.५०

खरी बेरीज १,६६,१२२.५०. आता दिवाणजींनी दशांश कमी करण्याचं बटण दाबून पैसे घालवले. पडद्यावर ४७,३६६, ३९,१९६, ५३,८७२ आणि २५,६९० दिसतात, आणि बेरजेच्या खान्यात १,६६,१२३. शेतकरी दिसणारे आकडे मिळवतो, त्याला १,६६,१२४ मिळतात. दोघंही बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळे आकडे मिळवताहेत. ते बटण फक्त दिसणं बदलतं. खान्यात साठवलेला आकडा पैशांसकट तसाच राहतो आणि बेरीज त्या साठवलेल्या आकड्यांची होते. खान्यावर क्लिक करून वरच्या सूत्रपट्टीत बघितलं, किंवा दशांश वाढवण्याचं बटण दोनदा दाबलं, की लपलेले पैसे समोर येतात.

कधी कधी बटण कोणी दाबलेलंही नसतं. एक्सेलमध्ये खान्याचं फॉरमॅट 'जनरल' असेल आणि कॉलम अरुंद असेल, तर कॉलमात मावावं म्हणून शीट स्वतःच दशांश कापून दाखवते. कॉलम रुंद करून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी.

पट्टीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सर्वसाधारण यादीत काही आकडे वर जातात, काही खाली येतात आणि राउंडिंगचे फरक एकमेकांना बरेचसे मारून टाकतात. पण भाव ५०च्या पटीत आणि वजन क्विंटलच्या दोन दशांशांपर्यंत असलं, की गुणाकार नेमका अर्ध्या रुपयाच्या पटीत येतो. मग पैसे एकतर शून्य, नाहीतर बरोबर ५०. आणि ५० पैसे नेहमी वरच जातात. वरच्या चारपैकी तीन ओळी अशाच आहेत. म्हणून पट्ट्यांमधला फरक एकाच दिशेला साचत जातो, आणि दोनशे लॉटच्या दिवसाअखेरच्या गोषवाऱ्यात तो ठळक दिसू लागतो.

दुरुस्ती: जो आकडा कागदावर जातो, तो खरोखर राउंड करा

माझं मत याबाबत पक्कं आहे. जी रक्कम माणसाच्या हातात कागदावर जाते किंवा रोख मोजली जाते, ती त्याच ठिकाणी राउंड फंक्शननं खरोखर राउंड करायची आणि पुढची बेरीज त्या राउंड झालेल्या रकमांचीच घ्यायची. बाकी सगळीकडे, म्हणजे मधल्या हिशोबात, दरांत, उसाच्या उताऱ्यात (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्यांत), सरासरीत, आकडा पूर्ण ठेवायचा आणि वाचायला सोपा जावा म्हणून फक्त फॉरमॅट बदलायचं.

पट्टीसाठी वजन सी कॉलमात आणि भाव डी कॉलमात असेल तर रकमेच्या खान्यात असं लिहा:

=राउंड(सी२*डी२,०)

खाली साधं =सम(ई२:ई५). आता छापील ओळी आणि छापील बेरीज कायम जुळतील, कारण पैसे कुठं लपलेलेच नाहीत. कपातीच्या ओळींना, म्हणजे हमाली, तोलाई वगैरेंना, हाच नियम लावा. त्या राउंड न करता सोडल्या तर निव्वळ रकमेत पुन्हा तोच एक रुपया डोकं वर काढतो.

रुपयापर्यंत राउंड करण्यामागं व्यवहाराचं कारण आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. ५० पैशांचं नाणं कायद्यानं चालतं, पण पेढीवर ते कोणी देत-घेत नाही.

जीएसटीचं बिल असेल तर पद्धत थोडी वेगळी ठेवा. ओळींच्या रकमा आणि कर दोन दशांशांपर्यंत राउंड करा, =राउंड(ई२*५%,२) असं, आणि अगदी शेवटी 'राउंड ऑफ' नावाची स्वतंत्र ओळ दाखवून एकूण बिल रुपयावर आणा. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये राउंड ऑफचं लेजर (खातं) असतं ते याचसाठी. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे भरायची कराची रक्कम जवळच्या रुपयाला राउंड होते. ५० पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर ते सोडून द्यायचे. राउंड फंक्शन हेच करतं. राउंड ऑफची ओळ लपवू नका. ती दिसत असली की हिशोब तपासणाऱ्याचा अर्धा वेळ वाचतो.

नग मोजायचे असतील तिथं राउंड चालत नाही. १२.३७ क्विंटल हळद ५० किलोच्या पोत्यांत भरायची तर भागाकार २४.७४ येतो आणि पोती २५ लागतात. २४.२० आले असते तरी २५च लागली असती, म्हणून तिथं राउंडअप. भरलेली पूर्ण पोती किती, हे हवं असेल तर राउंडडाउन.

मधल्या पायरीवर राउंड केल्यानं होणारं नुकसान

पट्टीतला एक रुपया दिसतो तरी. मधल्या पायरीवर केलेलं राउंडिंग दिसत नाही आणि त्याची रक्कम मोठी असते. उसाच्या एफआरपीचं, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या किमान दराचं, उदाहरण घ्या, कारण सांगली-साताऱ्यात हा हिशोब घराघरात होतो.

२०२५-२६च्या हंगामासाठी केंद्रानं ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा अशी आहे. समजा उतारा ११.८४ टक्के आहे. सरळ प्रमाणात हिशोब केला तर जादा उतारा १.५९, म्हणजे ०.१चे १५.९ टप्पे. १५.९ × ३.४६ = ५५.०१४. दर झाला क्विंटलमागं ४१०.०१४, टनाला ४,१००.१४ रुपये. हा तोडणी-वाहतूक वजा होण्याआधीचा दर.

आता कोणीतरी तक्ता नीट दिसावा म्हणून उताऱ्याच्या खान्यातच =राउंड(बी२,१) टाकलं. ११.८४चा ११.८ झाला. टप्पे १५.५, जादा रक्कम ५३.६३, दर टनाला ४,०८६.३०. एका दशांशानं टनामागं १३.८४ रुपये गेले. ६० टन ऊस घातलेल्या शेतकऱ्याच्या कागदावर हा ८३० रुपये ४० पैशांचा फरक आहे. उतारा ११.८६ असता तर तोच खाना ११.९ झाला असता आणि फरक उलट दिशेला पडला असता. सूत्रात कुठंही चूक नाही, चिन्ह चुकलेलं नाही, म्हणून असा दोष शोधायला फार जड जातो.

त्याच शीटमध्ये उतारा अख्खा ठेवून फक्त क्विंटलचा दर ४१०.०१४चा ४१० केला तर ६० टनांना ८ रुपये ४० पैशांचा फरक पडतो. म्हणजे साखळीत राउंडिंग जितकं आधी, तितकं नुकसान मोठं, कारण पुढचा प्रत्येक गुणाकार ते वाढवत नेतो. उतारा जितक्या दशांशांत मिळाला तितक्यातच ठेवा, टप्पे आणि दर पूर्ण ठेवा, आणि राउंड फक्त शेवटच्या रकमेला लावा: =राउंड(वजन*दर,०). ६० टनांसाठी २,४६,००८ रुपये.

असा दोष शोधायचा असेल तर शीटमध्ये शोध उघडून सूत्रांमध्ये 'राउंड' हा शब्द शोधा आणि तो कोणकोणत्या कॉलमांत आहे ते बघा. ज्या कॉलमाचा आकडा पुढं दुसऱ्या सूत्रात वापरला जातो आणि जो स्वतः कागदावर देय रक्कम म्हणून जात नाही, तिथला राउंड काढून टाका.

दूध दरपत्रकात फॅट सापडत नाही

संकलन केंद्राच्या शीटमध्ये दरपत्रक असतं: उभं फॅट, आडवं एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), मध्ये लिटरचा दर. त्यातून दर शोधून आणणारं व्हीलुकअप हे फंक्शन लावलेलं. ३.० ते ३.२ फॅटला दर बरोबर येतो आणि ३.३ला शीट 'सापडत नाही' असा दोष दाखवते. समोर तक्त्यात ३.३ स्पष्ट दिसतोय!

कारण तक्ता कसा बनवला त्यात आहे. पहिल्या खान्यात ३.० लिहून खाली =ए२+०.१ ओढत नेलेलं असतं. संगणक आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवतो, आणि ०.१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत ०.३३३... असा कधीच संपत नाही. प्रत्येक बेरजेत अगदी शेवटच्या अंकांत कणभर फरक पडतो. ३.२मध्ये ०.१ मिळवल्यावर साठतं ते ३.३०००००००००००००००३. एक्सेल १५ अंकांपर्यंतच दाखवतं, म्हणून डोळ्यांना ३.३ दिसतं. बरोबरचं चिन्ह लावून दोन खाने तपासले तरी 'खरं' असं उत्तर मिळतं, पण व्हीलुकअपचा नेमका शोध साठवलेला आकडा तंतोतंत जुळला तरच हो म्हणतो. तपासणारा माणूस इथंच चक्रावतो. यात एक्सेलचा वेगळा असा काही दोष नाही. १९८५ साली ठरलेल्या आयट्रिपलई ७५४ या मानकानुसार जवळपास सगळेच संगणक असेच आकडे साठवतात.

उपाय सोपा: तक्त्याचा कॉलम =राउंड(ए२+०.१,१) असा बनवा, आणि ज्या फॅटचा दर शोधायचा त्यालाही व्हीलुकअपच्या आतच राउंड लावा, व्हीलुकअप(राउंड(जी२,१), ... असा. इथं राउंड करणं योग्यच आहे, कारण तक्त्याची मापं मुळातच एका दशांशाची आहेत.

याच जातीचा दुसरा त्रास खातं शून्य होण्याचा. उधारी पूर्ण फिटली, बाकी ०.०० दिसते, पण 'बाकी शून्य असेल तर खातं बंद' हे सूत्र चालत नाही, किंवा बाकीच्या जागी -२.७८ई-१७ असं काहीतरी (शून्याला अगदी चिकटलेला आकडा) उमटतं. एक्सेलमध्ये =(०.५-०.४-०.१) कंसासकट टाकून बघा, हेच मिळेल. पैशांची तुलना करताना =इफ(राउंड(एफ२,२)=०, ... असंच लिहायची सवय लावा. एफआरपीचे ०.१चे पूर्ण टप्पेच मोजायचे ठरवले असतील तर तिथंही हा धोका आहे: उतारा ११.८५ असताना (११.८५-१०.२५)/०.१ दिसायला १६ असतं, साठवलेलं मात्र १६ला कणभर कमी. त्यावर थेट इंट (अपूर्णांक सोडून देणारं फंक्शन) लावलं की एक अख्खा टप्पा, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे, हातचे जाण्याची शक्यता. आधी =राउंड(...,६) करून मग इंट लावा.

सरासरी भाव जुळत नाही

ही तक्रार राउंडिंगच्या नावावर खपते, पण तिचं मूळ वेगळं आहे. वरच्या चार लॉटच्या भावांची ॲव्हरेज फंक्शननं सरासरी काढली तर १३,४७५ येते. एकूण रक्कम भागिले एकूण वजन केलं तर १३,४२९. ४६ रुपयांचा फरक कुठल्याही राउंडिंगनं पडत नाही. सगळ्यात जड लॉट सगळ्यात कमी भावाला गेलाय आणि साध्या सरासरीला वजन कळत नाही, एवढंच. क्विंटलला सरासरी काय पडलं हे सांगायचं असेल तर =समप्रॉडक्ट(सी२:सी५,डी२:डी५)/सम(सी२:सी५) हेच सूत्र. शेवटी एकदाच राउंड करा, आणि महिन्याची सरासरी काढताना रोजच्या राउंड केलेल्या सरासऱ्यांची सरासरी काढू नका. पुन्हा मूळ वजन आणि रकमेवर जा.

टक्केवारी १०१ होते

हंगामाच्या गोषवाऱ्यात समजा हळद ६ लाख, बेदाणा ४ लाख, गूळ ४ लाख. टक्के ४३, २९, २९. बेरीज १०१. एक दशांश दाखवला तर ४२.९, २८.६, २८.६, बेरीज १००.१. दोन दशांशांना ४२.८६, २८.५७, २८.५७ होऊन १०० बसतात, पण दरवेळी बसतीलच असं नाही. मोठ्या आकड्यातून एक टक्का हळूच कमी करून १०० जुळवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडून द्या. खाली 'राउंडिंगमुळे टक्क्यांची बेरीज १००पेक्षा थोडी वेगळी असू शकते' अशी एक ओळ लिहिली की वाचणाऱ्याला पुरतं.

गोषवारा लाखांत दाखवायचा असेल तर फॉरमॅटमधल्या स्वल्पविरामाच्या युक्तीवर जाऊ नका, ती हजार आणि दशलक्षांत कापते, लाखांत नाही. शेजारी वेगळा कॉलम घेऊन =ई२/१००००० करा आणि दोन दशांश दाखवा. मूळ रकमेच्या जागी =राउंड(ई२,-५) टाकलं तर १,६६,१२४ चे २,००,००० होतील, आणि त्यावर कोणी पुढचा हिशोब केला तर मागं जाता येणार नाही.

एका सेटिंगपासून लांब राहा

एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली 'सेट प्रिसिजन ॲज डिस्प्लेड' असा पर्याय आहे. लिब्रेऑफिसमध्येही तसाच आहे. तो लावला की दिसतं तेच हिशोबात धरलं जातं, आणि एका फटक्यात सगळ्या बेरजा जुळतात. म्हणूनच तो मोहात पाडतो. पण एक्सेलमध्ये हाताने टाकलेले आकडे त्यामुळं कायमचे कापले जातात. शून्य दशांशाच्या फॉरमॅटमध्ये असलेला ११.८४चा उतारा त्या क्षणी १२ होतो आणि पर्याय काढून घेतला तरी ११.८४ परत येत नाही. शिवाय हा पर्याय पूर्ण फाइलला लागतो, एका शीटपुरता नाही. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये टाकलेले दशांश टिकत नसतील तर आधी इथंच बघा.

शीटमध्ये एक, मॅक्रोमध्ये दुसरंच

हा प्रश्न थोड्यांनाच पडतो, पण पडला की दिवस खातो. शीटमधलं राउंड २.५चे ३ करतं, ३.५चे ४, आणि -२.५चे -३. मॅक्रोच्या (शीटची कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) व्हीबीए भाषेतलं राउंड मात्र बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं: २.५चे २, ३.५चे ४. पॉवर क्वेरी या एक्सेलच्या डेटा आणून साफ करणाऱ्या भागातलं राउंड आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं राउंडही तसंच वागतं. ५० पैशांवर संपणाऱ्या रकमा पट्ट्यांमध्ये किती असतात ते वर आलंच आहे, त्यामुळं पट्ट्या मॅक्रोतून छापत असाल आणि गोषवारा शीटमधून काढत असाल तर फरक पडणारच. मॅक्रोत ॲप्लिकेशन.वर्कशीटफंक्शन.राउंड वापरा, पॉवर क्वेरीत नंबर.राउंडला राउंडिंगमोड.अवेफ्रॉमझीरो असा तिसरा घटक द्या. मग ४७,३६५.५० दोन्हीकडे ४७,३६६ होतील आणि २,५०० पट्ट्यांच्या हंगामातही छापील रकमांची बेरीज गोषवाऱ्याला लागेल.